मोटारीचे वैद्य

आमच्या जिनिंगमध्ये सगळे त्यांना वैद्य म्हणत, आणि काम मात्र ते लॉरी चालवण्याचं करत. नव्या माणसाचा यात नेहमी गोंधळ उडायचा. कुणी तरी डोकं दुखतंय म्हणून पुडी मागायला यायचं, आणि वैद्य त्याच्याकडे असे काही बघायचे की तो माणूस डोकेदुखी विसरून परत जायचा.

मी मानवतच्या त्या जिनिंगमध्ये, कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, कारकून होतो. निझामाचं राज्य होतं, कचेरीशी सगळा पत्रव्यवहार उर्दूत चाले, आणि मला बऱ्यापैकी उर्दू येत असल्यामुळे शेठजींनी मला ठेवून घेतलं होतं. बायकामुलं परभणीला, आणि मी इथे आवारातल्या एका खोलीत. हंगामात दिवसभर कापसाच्या बैलगाड्यांनी आवार भरून जायचं. संध्याकाळी भोंगा झाला की माणसं आपापल्या घरी जायची आणि मागे आम्ही दोघंच उरायचो, मी आणि वैद्य. म्हणून त्यांच्याबद्दल लिहायचा हक्क माझाच आहे असं मी धरून चालतो. दुसरं कुणी लिहील तर नुसतं हसवेल, आणि हसण्यासारखं त्यांच्यात पुष्कळ होतं हीच तर अडचण आहे.

दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या थोडं आधी शेठजींनी सोलापूरहून एक जुनी लॉरी आणली. आमच्या भागात तेव्हा ज्या काही मोटारी दिसायच्या त्या पेट्रोलवर चालत. ही डिझेल पिणारी, आवाजाने कानठळ्या बसवणारी, आणि सकाळी हँडल मारून मारून उठवावी लागणारी. तिच्याबरोबर वैद्य आले. लॉरीबरोबर जादा चाक येतं तसेच ते आले, असं आमचे हेडमुनीम म्हणत. उंच, वाळकी अंगकाठी, धोतरावर खाकी कोट, डोक्याला काळी टोपी, आणि अंगाला कापराचा वास. देवळातून आलेल्या माणसाला येतो तसा तो सौम्य वास नव्हता. त्यात घासलेट आणि एरंडेल मिसळलेलं असे, आणि वारा त्यांच्या बाजूने असला की ते दिसायच्या आधी कळायचं की वैद्य आले.

त्यांच्या मते माणसाला जशी प्रकृती असते तशी इंजिनालाही असते. आमच्या लॉरीची प्रकृती कफाची. धूर पांढरा आला की कफ, निळा आला की पित्त, आणि काळाकुट्ट आला की अजीर्ण. हे ते इतक्या गंभीरपणे सांगत की ऐकणाऱ्याला हसायचं धाडस होत नसे. धूर सुटणाऱ्या नळीसमोर ते तळहात धरत, मग तो नाकाजवळ नेत आणि डोळे मिटत. इंजिनातल्या तेलाचा थेंब बोटावर घेऊन जिभेला लावत आणि थुंकून टाकत. मग त्यांची पेटी उघडायची. त्या पेटीत एरंडेल होतं, कापूर होता, डांबराच्या गोळ्या होत्या, टर्पेंटाइन होतं, आणि काही बाटल्यांत काय होतं ते त्यांनाच ठाऊक. वाटीत ते सगळं बोटाने कालवायचं, बाटलीत भरून खळखळा हलवायचं, आणि टाकीत नाही तर इंजिनाच्या तेलात सोडायचं. सोडताना लॉरीच्या पत्र्यावर हात ठेवून ते हळूच विचारत, "काय व्हायलंय तुला?"

औषधांचा गुण यायचा का? मला अनेकांनी हे विचारलं. कधी यायचा असं वाटायचं खरं. कापराने धूर कमी झालेला मी स्वतः पाहिला आहे. पण ती लॉरी त्यांच्या औषधाने चालायची की त्यांचं औषध सोसून चालायची, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. आठवडाभर औषधाशिवाय तिला कुणी राहूच दिलं नाही, मग कळणार कसं.

अमावास्येला लॉरीला जुलाब असे. इंजिनातलं जुनं तेल काढून टाकायचं, आत घासलेट ओतायचं, थोडा वेळ इंजिन हळूहळू फिरवायचं आणि ते काळं पाणी खाली पातेल्यात सोडायचं. हे काम तसं पुष्कळ मिस्त्री करतात, त्यात नवल काही नाही. नवल हे, की त्या दिवशी वैद्य स्वतःही काही खात नसत. तिला उपास आणि मी जेवायचं, हे बरं दिसत न्हाई, असं त्यांचं म्हणणं. संक्रांतीला त्यांनी इंजिनात तिळाचं तेल घातलं होतं. दिवाळीच्या पहाटे लॉरीला अभ्यंग झालं पाहिजे म्हणून गिअरच्या पेटीत तूप घातलं, साजूक, स्वतःच्या वाटणीचं. त्या दिवशी शेठजी त्यांना इतकं बोलले, इतकं बोलले, की ऐकणाऱ्याला लाज वाटावी. वैद्य शांतपणे ऐकून घेऊन म्हणाले, वर्षाचा सण हाय.

लढाई सुरू झाली आणि डिझेल मिळेनासं झालं. तेव्हा मात्र शेठजींनाच वैद्यांची गरज पडली. आमच्या आवारात सरकीचे डोंगर पडलेले असायचे, आणि सरकीचं तेल गावच्या घाण्यावर हवं तेवढं निघायचं. वैद्यांनी ते तेल ऊन करून, धोतराच्या दुहेरी फडक्यातून गाळून डिझेलमध्ये मिसळायला सुरुवात केली. आधी थोडं, मग निम्मं. लॉरी चालली. तिच्या धुराला मात्र भजी तळल्याचा वास येऊ लागला. आम्ही पिंगळीच्या बाजूला कापूस आणायला जायचो, तेव्हा स्टेशनवरचे हमाल वासाने उठून रस्त्यावर यायचे आणि लॉरी बघून हिरमुसले होऊन परत जायचे. एका म्हाताऱ्या हमालाने मला कळवळून सांगितलं होतं की साहेब, जेवणाच्या वेळेला तरी ही गाडी हिकडून नेत जाऊ नका. वैद्यांना हे सांगितलं तेव्हा ते किंचित हसले. त्यांना हसताना मी फार थोड्या वेळा पाहिलं, म्हणून लक्षात राहिलं.

जेवायला मात्र ते कुणाबरोबर बसत नसत. लॉरीच्या फूटबोर्डवर बसून, रस्त्याकडे पाठ करून खायचे, आणि झोपायचे लॉरीच्या केबिनमध्ये. मी पहिल्या हिवाळ्यात त्यांना माझ्या खोलीत यायचा आग्रह केला. ते आले, दाराशी उभे राहिले, भिंतीवर टांगलेला माझ्या मुलांचा फोटो बघितला, चांगला हाय म्हणाले आणि परत गेले. त्यानंतर मी आग्रह केला नाही. संध्याकाळी मीच माझी खुर्ची उचलून लॉरीजवळ नेऊ लागलो. आम्ही फारसं बोलत नसू. आवारात सरकीचा वास पसरलेला असायचा, लांबून मानवत रोड स्टेशनची शिट्टी ऐकू यायची, आणि दोन माणसं एका बंद मोटारीजवळ बसलेली असायची. एवढ्या वर्षांनी सांगतो, त्या संध्याकाळी मला खायला उठायच्या. माझी निदान सुट्टीला घरी जायची सोय होती. त्यांना सुट्टी मिळाली की ते लॉरी धूत.

एकदा सरकी निवडणारी एक बाई तिचं रडणारं पोर घेऊन त्यांच्याकडे आली. पोराचा कान दुखत होता. एवढंसं तेल कोमट करून घाला म्हणाली, तुम्ही वैद्य आहात. त्या बाईचं काही चुकलं नव्हतं. पण वैद्यांनी पोराकडे बघितलं आणि त्यांचा चेहरा उतरला. मी मोटारीचा वैद्य हाय, बाई, माणसाचा न्हाई, एवढं म्हणून ते चालू लागले आणि सरकीच्या ढिगामागे जाऊन बसले. दुपारी शेठजींचं बोलावणं गेलं तरी आले नाहीत. बाईला वाटलं, एवढा घमेंडखोर माणूस तिने पाहिला नाही. बाकीच्यांनाही तसंच वाटलं.

त्याच्या पुढच्या अमावास्येला, इंजिनातलं घासलेट पातेल्यात निथळत असताना, ते आपणहून बोलले. मी विचारलं नव्हतं.

त्यांचे वडील खरे वैद्य होते. पंचक्रोशीत नाव होतं. वैद्य त्यांच्या हाताखाली निम्मं शिकले आणि वडील गेले. लोक सवयीने येत राहिले, आणि हे नाही म्हणू शकले नाहीत. लग्न झालं होतं, बायको पालमची, एक मुलगा होता. त्या मुलाला मुदतीचा ताप आला.

"उतरंना," वैद्य म्हणाले. "सकाळी एक दिलं. दुपारी उतरला न्हाई म्हणून दुसरं दिलं. मग बापाच्या पोथीतलं काढून तिसरं. हात थांबंना माझा. पोरगं माझ्याकडं बघायलं आन मी बाटली हलवायलो." ते पातेल्याकडे बघत होते. "तापानं गेला का माझ्या औषधानं, ते मला आजवर कळलं न्हाई."

त्यानंतर बायको पालमला भावाकडे गेली ती आलीच नाही. भांडण नाही, शिव्याशाप नाहीत. तिने आपली पेटी भरली आणि गेली. वैद्यांनी माणसाला औषध द्यायचं कायमचं सोडलं, सोलापूरला जाऊन एका मिस्त्रीच्या हाताखाली इंजिनं शिकले, आणि तिथे त्यांच्या लक्षात आलं की हाताची सवय काही जात नाही. इंजिनाला दिलं तर कुणाचं काही बिघडत नाही, असं त्यांनी मनाशी ठरवलं असावं. मला ते ऐकून वाईट वाटलं. मी घासलेटचं पातेलं उचलून बाजूला ठेवलं, तेवढंच.

इथे मला पुढचं आधी सांगितलं पाहिजे. जिनिंगमधल्या शेवटच्या वर्षांत मी जे वैद्य पाहिले ते वेगळेच होते. त्यांनी लॉरीत काही घालायचं सोडून दिलं. पिंपातून जे मिळेल ते टाकीत, त्याच्यावर काही नाही. कापराचा वास गेला. अमावास्येचा उपास गेला. सकाळी लॉरी उठली नाही तर शेजारी नुसते बसून राहायचे, आणि मालासाठी खोळंबलेली माणसं ओरडायला लागली तरी हलायचे नाहीत. हेडमुनीम म्हणाले, चला, खूळ गेलं एकदाचं. शेठजीही खूश झाले. मग निझामाचं राज्य गेलं, त्याच सुमाराला लॉरी विकली गेली, आणि आले तसेच वैद्य तिच्याबरोबर गेले. निरोप घ्यायला माझ्या दाराशी आले होते. पुढे ते कुठे राहिले, त्यांचं काय झालं, मला माहीत नाही. खूळ कसं गेलं हे मात्र मला माहीत आहे, कारण मी तिथे होतो.

पालमचा एक व्यापारी कापूस घेऊन आमच्याकडे आला होता. वैद्यांच्या मेव्हण्याच्या ओळखीचा. वैद्य लॉरी घेऊन बाहेर गेले होते, म्हणून त्याने निरोप माझ्याजवळ दिला. मेव्हण्याने कळवलं होतं की ताई यायला तयार आहे, येऊन घेऊन जा. पण ताईने आधी एकच गोष्ट विचारायला सांगितली होती. ते अजून कुणाला औषध देतात का?

मी म्हणालो, नाही. कुणालाही नाही. कान दुखणाऱ्या पोराची हकिगतही सांगितली. व्यापाऱ्याचं समाधान झालं. मी सांगितलं त्यात खोटं काही नव्हतं. लॉरीचा विषय निघाला नाही, आणि निघाला असता तरी आम्ही दोघं हसलो असतो.

वैद्य परत आले तेव्हा मी त्यांना निरोप सांगितला. त्यांनी इंजिनावरचं झाकण लावलं, पुन्हा उघडलं, पुन्हा लावलं. पुन्हा सांगा म्हणाले. मी पुन्हा सांगितलं. भावानं म्हणलंय का तिनं, असं विचारलं. तिनं, मी म्हणालो. मग ते लॉरीच्या पलीकडच्या बाजूला गेले आणि बराच वेळ इकडे आलेच नाहीत.

शेठजी तसे वाईट माणूस नव्हते. पालमकडचा थोडा कापूस बघायचा होताच, त्यांनी मला बरोबर जायला सांगितलं आणि लॉरी दिली. डिझेल मात्र मोजकंच होतं, त्यात भागवा म्हणाले. वैद्यांनी भागवलं. सरकीचं तेल यावेळी त्यांनी पुन्हा पुन्हा गाळलं. डिझेल कमी आणि हेच जास्त. वर कापूर. दोन सीटांच्या मधल्या फळीवर, जिथे बाईमाणसाला बसायचं होतं, तिथे त्यांनी आपली दुलई घडी करून ठेवली आणि हाताने दाबून बघितली. ती मऊ झाली नाही म्हणून खाली पोत्यात सरकी भरून घातली.

पौष महिना होता. परभणी, मग गोदावरीच्या उतारावरून पलीकडे, आणि पुढे गंगाखेड. भजी तळल्याचा वास मागे सोडत आम्ही दिवस मावळायच्या आत पालमला पोचलो. वाटेत वैद्य गाडीशी न बोलता माझ्याशी बोलत होते. मानवतला भाड्याने खोली मिळेल का, चुलीला धूर जायला जागा असलेली. तिला धूर सोसत नाही. तुमच्या घरच्या कधी आल्या तर दोघींची ओळख होईल. एवढं सलग बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

मेव्हण्याचं घर मारुतीच्या देवळाजवळ होतं. लॉरी समोरच्या मोकळ्या जागेत उभी केली. जेवायला आम्ही तिघे पुरुष ओळीने बसलो, आणि वैद्य कुणाकडे पाठ न करता सरळ पंगतीत बसले हे माझ्या डोळ्यांतून सुटलं नाही. वाढलं वैद्यांच्या बायकोनेच, मी त्यांना वहिनी म्हणू लागलो. ठेंगण्या, केस पांढरे व्हायला लागलेल्या, हालचाली अगदी शांत. त्यांनी वैद्यांच्या पानात भाकरी घातली आणि चुलीपाशी जाऊन बसल्या. थोड्या वेळाने तिथूनच त्यांनी विचारलं.

"तुमाला ताप आला तर काय करता?"

वैद्यांचा घास हातात राहिला. "पडून राहतो," ते म्हणाले.

"काही घेत न्हाई?"

"न्हाई."

वहिनी उठल्या आणि त्यांनी वैद्यांच्या पानात आणखी एक भाकरी घातली. वैद्यांनी ती मागितली नव्हती. मला त्या क्षणी इतकं बरं वाटलं, की मी उगाच मेव्हण्याशी कापसाच्या भावाबद्दल बोलायला लागलो.

सकाळी कडाक्याची थंडी पडली होती. उजाडलं होतं, पण ऊन अजून देवळाच्या मागेच होतं आणि लॉरी सावलीत. वहिनींनी घरातल्यांचा निरोप घेतला, त्यांची पेटी मेव्हण्याने मागे ठेवली, आणि त्या वर चढून दुलईवर बसल्या. मी त्यांच्या पलीकडे दाराला चिकटून बसलो. गल्लीतल्या बायका बघायला जमल्या होत्या. वैद्यांनी हँडल मारलं.

इंजिन हूं की चूं करेना. पुन्हा मारलं. कोट काढून मारलं. घामाने त्यांची पाठ भिजली. सरकीचं तेल थंडीत थिजतं, तुपासारखं घट्ट होतं, हे स्वयंपाकघरातल्या कुणालाही माहीत असतं. वैद्यांनाही माहीत होतं. पण त्या वेळी त्यांना ते आठवलं नाही, किंवा आठवूनही थांबता आलं नाही. गल्ली बघत होती. बायको इतक्या वर्षांनी त्यांच्या गाडीत बसली होती. त्यांनी हँडल खाली टाकलं आणि सीटखालून पेटी ओढली.

त्यांनी समोरच जमिनीवर बसून वाटी काढली. कापूर चुरला. एरंडेल ओतलं. आणखी कसल्या तरी बाटलीतलं घातलं, बोटाने कालवलं, आणि ते सगळं बाटलीत भरून ती तोंडासमोर धरून हलवायला लागले. मी वहिनींकडे बघितलं नव्हतं. त्यांचा श्वास ऐकला म्हणून बघितलं. त्या काचेतून नवऱ्याच्या हाताकडे बघत होत्या.

"हे काय करायलेत?" त्यांनी मला विचारलं.

मी म्हणालो, वहिनी, ते गाडीचं औषध आहे. नेहमीचं आहे. माझा आवाज मलाच पोकळ वाटला.

त्या पुढे वाकल्या आणि मोठ्याने म्हणाल्या, "आवं, काही देऊ नका तिला. थांबा जरा."

वैद्यांनी वर बघितलं नाही. बाटली हलवत ते टाकीकडे निघाले होते. "एवढं एकच देतो," ते म्हणाले. "लगेच उठंल बघ."

वहिनींनी माझ्याकडे उतरायला वाट मागितली. मी खाली उतरलो, त्या खाली उतरल्या. पदर नीट केला. भावाला म्हणाल्या, पेटी काढ. मेव्हणा गोंधळून म्हणाला, अगं ताई, गाडीचं औषध आहे, त्याचं काय एवढं. वहिनींनी स्वतःच मागे जाऊन पेटीच्या कडीला हात घातला, तेव्हा भावाने ती उचलली. त्या घरात गेल्या. दार त्यांनी आपटलं नाही, नुसतं लावून घेतलं.

वैद्य टाकीचं झाकण हातात घेऊन उभे होते. नरसाळं मागायला वळले तेव्हा त्यांना रिकामी सीट दिसली. त्यांनी दाराकडे बघितलं, मग हातातल्या बाटलीकडे. बाटलीतलं टाकीत गेलं नव्हतं. ती त्यांनी खाली मातीत ठेवली आणि फूटबोर्डवर बसले. मेव्हणा आत जाऊन समजूत घालून आला. दाजी, ती ऐकत न्हाई, एवढंच म्हणाला. बायका एकेक करून पांगल्या. मी काय करावं ते न सुचून देवळाच्या पायरीवर जाऊन बसलो.

ऊन वर आलं. आधी लॉरीच्या टपावर, मग इंजिनावर, मग वैद्यांच्या पायांवर. ते हलले नाहीत. दार उघडेल अशी मला आशा होती, आणि त्यांनाही असावी. शेवटी मीच उठलो आणि म्हणालो, एकदा बघू या का. ते यंत्रासारखे उठले, हँडल घातलं आणि एकदाच फिरवलं. इंजिन सुरू झालं. थोडा पांढरा धूर आला आणि मग तोही थांबला.

आवाज घरात गेला असणारच. आम्ही तिथे पुष्कळ वेळ थांबलो, इंजिन चालू ठेवून. कुणी आलं नाही. मग वैद्यांनी गाडी वळवली.

आमच्या दोघांच्या मधे दुलई तशीच घडी केलेली होती आणि मी अजून दाराला चिकटूनच बसलो होतो. सरकायचं धाडस मला झालं नाही. गंगाखेड मागे पडल्यावर त्यांनी रस्त्यावरची नजर न काढता विचारलं, "मी काय दिलं हिला? सकाळी?"

"काही नाही," मी म्हणालो. "बाटली तिथंच राहिली."

"मग उठली कशी?"

"ऊन आलं. तेल पातळ झालं."

त्यांनी मान हलवली. इंजिन लयीत चाललं होतं, कुठे खोकला नाही की धूर नाही. मला म्हणावंसं वाटलं की गाडी वेगळी आणि माणूस वेगळा, दोन्ही एका मापाने मोजू नका. पण त्यांचा चेहरा बघितला आणि मी समोरच्या रस्त्याकडे नजर वळवली.

"पोराच्या उशाशी बसून ती हेच म्हणली होती," वैद्य म्हणाले. "काही देऊ नका आता, थांबा जरा. आन मी म्हणलो, एवढं एकच देतो."

पुढे बराच रस्ता गेला. बाजूला ज्वारी हुरड्यावर आली होती, राखणदार मचाणावरून आमच्याकडे बघत होते. वैद्यांनी तोंडावरून हात फिरवला.

"कारकूनसाब, थांबायला काय लागतं हो?" ते म्हणाले. "काहीच लागत न्हाई. तेवढंच मला दोन्ही येळा जमलं न्हाई."